ओढणे आणि सोडणे

शाळेच्या मैदानावर मुले बाह्या वर सारून एकमेकांना बेडकुळी दाखवतात. दंडावर टरारून आलेला तो उंचवटा पाहून आपल्या भाषेला बेडूक आठवला. लॅटिन बोलणाऱ्यांना तोच उंचवटा कातडीखालून पळणाऱ्या उंदरासारखा वाटला आणि त्यांनी स्नायूला 'छोटा उंदीर' या अर्थाचे नाव दिले. इंग्रजीतील 'मसल' हा शब्द त्यावरून आला. गंमत म्हणजे स्नायूंविषयी आज आपल्याला जे माहीत आहे, त्यातील बराच भाग माणसाला बेडकानेच शिकवला आहे.

'स्नायूंच्या आकुंचन व शिथिलनामुळे शरीराची हालचाल होते' हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि गुण मिळवतात. पण आकुंचन म्हणजे नेमके काय होते? आखडते ते काय? आणि शिथिलन म्हणजे नुसते काम थांबणे, की तेही एक कामच? आमच्या मते या तिसऱ्या प्रश्नाकडे वर्गात सर्वांत कमी लक्ष जाते, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

परभणी जिल्ह्यातील पाथरी तालुक्यासारख्या भागात तर हा प्रश्न परीक्षेपुरता राहत नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी मिळालेल्या या पट्ट्यात कापूस आणि ऊस ही हातांची मोठी कामे. पावसाळ्यात येथे दोन प्रकारचे अपघात ऐकू येतात. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते आणि दिवसा कपाशीवर फवारणी करणाऱ्याला विषबाधा होते. वरवर पाहता या दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही. पण शरीरात दोन्ही विषे एकाच जागी घाला घालतात. चेतातंतू जेथे स्नायूला हुकूम देतो ती ही जागा. एका विषाने हुकूम पोहोचत नाही, दुसऱ्याने दिलेला हुकूम मागे घेता येत नाही. हे समजण्यासाठी आधी स्नायूच्या आत डोकावले पाहिजे.

फुगतो, पण भरत नाही

बेडकुळी वर आली की दंडात काहीतरी येऊन भरले असावे असे वाटते. प्राचीन ग्रीक वैद्यांपासून सतराव्या शतकापर्यंत युरोपातील पंडितांचेही हेच मत होते. मेंदूतून एक सूक्ष्म वायू किंवा 'चैतन्य' नसांमधून वाहत येते, स्नायू त्याने फुगतो आणि म्हणून आखूड होतो, असे ते मानत.

हॉलंडमधील यान स्वामरडाम याने १६६० नंतरच्या दशकात ही कल्पना एका साध्या प्रयोगाने तपासली. त्याने बेडकाचा स्नायू एका काचेच्या नळीत बंद केला आणि नळीच्या बारीक टोकात पाण्याचा एक थेंब ठेवला. स्नायूत बाहेरून काही भरत असेल तर त्याचे आकारमान वाढेल आणि थेंब वर ढकलला जाईल. त्याने चेतातंतू चिमटला, स्नायू आखडला, पण थेंब वर गेला नाही.

याचा अर्थ स्नायू लांबीत कमी होतो तेवढाच रुंदीत वाढतो, त्याचे आकारमान तेच राहते. कणकेचा गोळा दोन्ही बाजूंनी दाबला की मध्ये जाड होतो, तसेच हे. वर्गात शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर हात सरळ असताना आणि कोपरात वाकवून ताठ केल्यावर मोजता येतो. फरक किती आला ते मुलांना लिहू द्यावे. मग विचारावे, 'घेर वाढला, तर मग कमी काय झाले?'

फक्त ओढता येते

दुसरी गोष्ट म्हणजे स्नायूला ओढता येते, ढकलता येत नाही. आपण गाडा ढकलतो तेव्हाही शरीरातील स्नायू हाडांना ओढतच असतात. म्हणून स्नायू बहुधा जोडीने असतात. दंडाच्या पुढचा स्नायू कोपर वाकवतो, मागचा ते सरळ करतो. मुलांना बाकाखालून तळहाताने बाक वर उचलायला सांगावे आणि दुसऱ्या हाताने दंड चाचपायला सांगावा. पुढचा भाग कडक लागेल. मग तोच हात बाकावर ठेवून खाली दाबायला सांगावा. आता मागचा भाग कडक लागेल. ऊसतोड करणाऱ्याचा कोयता एकदा वर जाऊन खाली येतो, तेवढ्यात खांदा, दंड, मनगट आणि कमरेतील अशा कितीतरी जोड्यांनी आळीपाळीने ओढलेले आणि सोडलेले असते. एकाने ओढताना समोरच्याने सोडले नाही, तर हात जागच्या जागी ताठ होऊन बसेल.

हे ओढणे किती जोराचे असते, याचे गणित सातवी-आठवीची मुलेही करू शकतात. दंडातील पुढच्या मोठ्या स्नायूची कंडरा कोपरापासून सुमारे साडेचार सेंटिमीटरवर हाडाला जोडलेली असते. तळहात कोपरापासून सुमारे पस्तीस सेंटिमीटरवर असतो. म्हणजे कोपर काटकोनात वाकवून हातात दहा किलोची पाण्याची बादली धरली, तर दंडातील स्नायूंना मिळून सात-आठ पट, म्हणजे सत्तर-ऐंशी किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. ही तिसऱ्या प्रकारची तरफ आहे. जोरात तोटा होतो, पण बदल्यात फायदाही मिळतो. स्नायू एक सेंटिमीटर आखडला की तळहात सात-आठ सेंटिमीटर फिरतो. कोयत्याला वेग येतो तो यामुळेच.

आखडते ते काय?

आता स्नायूच्या आत जाऊ. स्नायू हा लांबट पेशींचा जुडगा असतो. एकेक पेशी केसाइतकी किंवा त्याहून बारीक, पण कित्येक सेंटिमीटर लांब असू शकते. पेशीच्या आत लांबीच्या दिशेने शेकडो बारीक दोरे असतात, आणि प्रत्येक दोरा एकापुढे एक लावलेल्या छोट्या खंडांचा बनलेला असतो. एका खंडाची लांबी सुमारे अडीच मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या अडीचपट. एक सेंटिमीटर लांबीत असे चार हजार खंड बसतात. प्रत्येक खंडात दोन प्रकारचे तंतू असतात. मधोमध मायोसिन या प्रथिनाचे जाड तंतू आणि दोन्ही टोकांकडून आत आलेले ॲक्टिन या प्रथिनाचे पातळ तंतू. सूक्ष्मदर्शकातून हाडांच्या स्नायूवर दिसणारे गडद-फिकट पट्टे म्हणजे या तंतूंचीच मांडणी.

बरीच वर्षे शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की हे प्रथिनांचे तंतूच गुंडाळले जातात किंवा घडी पडून आखूड होतात. मे १९५४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात लागोपाठ दोन निबंध आले. एक अँड्र्यू हक्स्ली आणि रॉल्फ निडरगेर्क यांचा, दुसरा ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन यांचा. दोघे हक्स्ली एकमेकांचे नातेवाईक नव्हते आणि दोन्ही गटांनी स्वतंत्रपणे काम केले होते. दोघांनाही एकच गोष्ट दिसली. स्नायू आखडताना गडद पट्ट्याची रुंदी बदलत नाही, फक्त फिकट पट्टा अरुंद होतो. गडद पट्टा म्हणजे मायोसिनचे जाड तंतू. ते आखूड होत नाहीत. ॲक्टिनचे तंतूही आखूड होत नाहीत. पातळ तंतू जाड तंतूंच्या मधून आत सरकतात, एवढेच. आकुंचन स्नायूचे होते, तंतूंचे नाही.

हे फळ्यावर समजावण्यापेक्षा हातांनी दाखवणे सोपे. दोन्ही हातांची बोटे सरळ ठेवून एकमेकांत थोडीशी अडकवावीत आणि हळूहळू आत सरकवावीत. मनगटे जवळ आली, पण एकाही बोटाची लांबी कमी झाली नाही. ताणलेल्या रबराचे उदाहरण वर्गात पुष्कळदा दिले जाते, ते येथे टाळलेले बरे. रबरात स्वतः रबरच आखडते आणि त्याला आधी कोणीतरी ताणावे लागते.

एका खंडात सरकणे होते ते अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास, डोळ्याला न दिसणारे. पण दहा सेंटिमीटर लांबीच्या दोऱ्यात असे चाळीस हजार खंड एकाच वेळी सरकतात. अर्ध्या मायक्रोमीटरला चाळीस हजारांनी गुणले की दोन सेंटिमीटर येतात. तरफेमुळे तेच तळहाताशी चौदा-पंधरा सेंटिमीटर होतात. बेडकुळी दिसते ती या गुणाकारामुळे.

सोडायलाही इंधन लागते

तंतू सरकतात हे ठीक, पण त्यांना सरकवते कोण? मायोसिनच्या जाड तंतूवर दोन्ही बाजूंना सुमारे तीनशे आकडे असतात. आम्ही सोयीसाठी त्यांना हात म्हणू. हा हात शेजारच्या ॲक्टिनला धरतो, वाकतो आणि त्याला मध्याकडे ओढतो. एका ओढीत तंतू सरकतो सुमारे दहा नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा एक लक्षांश. मग हात सुटतो, पुन्हा सरळ होतो आणि पुढच्या जागी धरतो. रस्सीखेचीत गडी दोर धरतात, ओढतात, हात सोडून पुढे धरतात, तसेच. सगळ्यांनी एकदम हात सोडले तर दोर हातचा जाईल, म्हणून काही हात धरून असतात तेव्हा बाकीचे पुढे सरकतात. मायोसिनचे हातही एकाच वेळी सुटत नाहीत.

या कामाचे इंधन म्हणजे ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट, थोडक्यात एटीपी. आता येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. एटीपीचा रेणू हाताला येऊन चिकटतो, तेव्हा हात ॲक्टिनला सोडतो. मग त्या एटीपीचे विघटन होते आणि त्या ऊर्जेने हात पुन्हा ताणून सज्ज होतो, धनुष्याची दोरी मागे खेचावी तसा. ओढण्याची क्रिया त्यानंतर, साठवलेली ऊर्जा मोकळी होताना होते. म्हणजे एटीपी संपले तर हात पहिल्यांदा जी गोष्ट विसरतो ती सोडण्याची.

याचा पुरावा प्रत्येक गावाने पाहिलेला आहे. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठ होते. श्वास थांबला, प्राणवायू मिळेनासा झाला, पेशींत नवे एटीपी तयार होईना. असलेले संपले आणि मायोसिनचे लक्षावधी हात धरलेल्या जागी अडकून राहिले. हा ताठरपणा साधारणपणे दोन ते चार तासांत जाणवू लागतो आणि बारा तासांच्या सुमारास पूर्ण होतो. नंतर प्रथिनेच मोडू लागली की तो ओसरतो. उन्हाळ्यात हे सारे लवकर घडते. शिथिलन म्हणजे नुसता आराम असता, तर मृत शरीर सैल राहिले असते.

हे एटीपी येते कोठून? स्नायूत तयार असलेला साठा जोराच्या कामात दोन-तीन सेकंदच पुरतो. त्यामागे दुसरा राखीव साठा असतो, फॉस्फोक्रिएटिनचा. तो सुमारे दहा सेकंद एटीपी पुन्हा भरून देतो. या पदार्थाच्या शोधात एका भारतीयाचा वाटा आहे. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्याबरोबर १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन प्रसिद्ध केले. १९२९ मध्ये त्यांनी स्नायूतील एटीपीही वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही ते शोधले होते. जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुब्बाराव पहिल्यांदा भेटतात ते फॉस्फरस मोजण्याच्या 'फिस्के-सुब्बाराव पद्धती'तून. हत्तीरोगावर दिल्या जाणाऱ्या डीईसी या औषधाच्या शोधामागेही त्यांच्याच मार्गदर्शनाखालील गट होता.

दहा-पंधरा सेकंदांनंतर स्नायू ग्लुकोज वापरतो. सुरुवातीला प्राणवायूविना, आणि काम लांबले की प्राणवायूच्या मदतीने. प्राणवायूविना ग्लुकोज मोडताना लॅक्टिक आम्ल तयार होते. दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते या आम्लामुळे, असे पूर्वी शिकवले जाई, अजूनही अनेक ठिकाणी सांगितले जाते. पण हे आम्ल तासा-दोन तासांत रक्तातून निघून जाते. दुसऱ्या दिवसाचे दुखणे असते तंतूंना पडलेल्या सूक्ष्म चिरांचे, आणि त्या जास्त पडतात ओझे सावकाश खाली ठेवताना, म्हणजे स्नायू ओढत असतानाच ताणला जातो तेव्हा. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात ऊसतोड मजुरांचे अंग विशेष दुखते आणि पुढे शरीर सरावते, त्याचे कारण हे.

दार उघडणारे कॅल्शियम

स्नायूत एटीपी सदैव असते, हातही सज्ज असतात. मग स्नायू सतत आखडलेला का राहत नाही? कारण ॲक्टिनवरील धरण्याच्या जागा झाकलेल्या असतात. झाकण दूर करते ते कॅल्शियम.

कॅल्शियमचे हे महत्त्व प्रथम कळले ते एका चुकीच्या पाण्यामुळे. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचे हृदय शरीराबाहेर मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवत असत. पुढे द्रावण शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्यात केले तेव्हा हृदय लवकरच थांबू लागले. शोध घेता आढळले की आधीचे द्रावण नळाच्या पाण्यात बनवले गेले होते आणि त्या जड पाण्यातील कॅल्शियमवर हृदय चालले होते. १८८३ मध्ये रिंगर यांनी हे प्रसिद्ध केले. आज दवाखान्यात 'आर. एल.' म्हणून जी सलाईनची बाटली लावतात, त्यातील 'आर' म्हणजे हेच रिंगर, आणि त्या बाटलीत कॅल्शियम असतेच.

पेशीच्या आत कॅल्शियम पिशव्यांमध्ये कोंडलेले असते. हुकूम आला की पिशव्यांची दारे उघडतात, तंतूंभोवतीचे कॅल्शियम काही सहस्रांश सेकंदांत कित्येक पटींनी वाढते, झाकणे सरकतात आणि ओढणे सुरू होते. कॅल्शियम ज्या प्रथिनाला चिकटते ते ट्रोपोनिन जपानमधील सेत्सुरो एबाशी यांनी १९६० नंतरच्या दशकात शोधले. हुकूम संपला की पंप कॅल्शियम परत पिशव्यांत भरतात. पाणी चढावर न्यावे तसे हे काम असते, आणि पंपांनाही एटीपीच लागते. म्हणजे सोडण्यासाठी दोनदा खर्च, एकदा हात सुटायला आणि एकदा कॅल्शियम आवरायला.

हुकूम देणारी जागा

आता राहिला हुकूम. इटलीच्या गॅल्व्हानी यांनी विजेच्या धक्क्याने बेडकाचा पाय उडतो हे १७९१ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून चेतातंतूंतून संदेश विजेच्या रूपात जातो हे हळूहळू उमगत गेले. पण चेतातंतूचे टोक स्नायूला चिकटलेले नसते. मध्ये अतिशय अरुंद फट असते, सुमारे पन्नास नॅनोमीटरची. वीज ही फट ओलांडत नाही. टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचा पदार्थ बाहेर पडतो, फट ओलांडून स्नायूवरील ग्राहींना चिकटतो आणि त्यामुळे स्नायूत नवी विद्युतलहर उठते. चेतातंतू रसायनाच्या भाषेत बोलतात हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये, पुन्हा बेडकाच्याच हृदयावर, दाखवले. १९३६ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि हेन्री डेल यांना मिळाले.

कालव्यावर पाळी आली की पाटकरी चारीचे दार उघडतो. पण वेळेवर दार पाडणे हेही त्याचेच काम. दार उघडे राहिले तर शेत पाण्याखाली जाईल. स्नायूपाशी दार पाडण्याचे काम एक वितंचक करते, त्याचे नाव ॲसिटिलकोलीनएस्टरेज. ते फटीतच बसलेले असते आणि ॲसिटिलकोलीनचे रेणू सुमारे एका सहस्रांश सेकंदात मोडून टाकते. त्यामुळे एक हुकूम म्हणजे एकच झटका, आणि स्नायू पुढच्या हुकमासाठी लगेच मोकळा.

पाळीचा निरोपच पोहोचला नाही, तर दार उघडणार नाही. आणि दार पाडणारा जागेवर नसला, तर ते उघडेच राहील. मण्यार आणि फवारणीचे विष या दोन तऱ्हा आहेत.

मण्यार: हुकूम पोहोचत नाही

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही बहुधा येत नाही, खूण सापडेलच असे नाही. पोटात दुखते, घसा धरल्यासारखा वाटतो. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आवाज बदलतो. मण्यारीच्या विषातील काही घटक चेतातंतूच्या टोकांवरच घाला घालून त्यांतून ॲसिटिलकोलीन बाहेर पडू देत नाहीत, काही घटक स्नायूवरील ग्राही अडवतात. नागाचे चेताविष मुख्यतः या दुसऱ्या प्रकारचे. स्नायू धडधाकट असतो, एटीपी असते, कॅल्शियम असते, पण हुकूमच येत नाही. शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात.

येथे दोन गोष्टी प्रत्येक शिक्षकाला माहीत असाव्यात. पहिली अशी की असा रोगी हलत नाही, डोळे उघडत नाही, पण पुष्कळदा तो शुद्धीवर असतो आणि आपले बोलणे ऐकत असतो. त्याला गेला असे समजण्याची घाई करू नये. दुसरी अशी की हृदयाचा स्नायू स्वतःचा हुकूम स्वतःच देतो, म्हणून श्वास थांबल्यावरही ते काही काळ चालू राहते. तेवढ्या वेळात तोंडाने, पिशवीने किंवा यंत्राने श्वास देत राहिले, तर माणूस वाचू शकतो. प्रतिसर्पविष मोकळ्या फिरणाऱ्या विषाला निष्प्रभ करते, पण निकामी झालेली चेतातंतूंची टोके पुन्हा दुरुस्त व्हायला दिवस लागतात, आणि तोवर श्वास यंत्राने चालवावा लागतो. म्हणून मांत्रिकाकडे घालवलेला तासही महाग पडतो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यातील बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले.

फवारणी: हुकूम संपत नाही

आता दुसरी बाजू. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस ही सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके. त्यांचे काम किडीच्या शरीरातील ॲसिटिलकोलीनएस्टरेज बंद पाडणे. पण तेच वितंचक आपल्याही शरीरात आहे, आणि विषाला कीड आणि माणूस यांतला फरक कळत नाही. वितंचक बंद पडले की ॲसिटिलकोलीन साचत जाते, दार पडतच नाही. प्रथम पापणीचे, गालाचे, मांडीचे स्नायू आपोआप फडफडतात. लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, छातीत कफ भरतो. सतत हुकूम मिळालेला स्नायू अखेरीस हुकूम ऐकेनासाच होतो आणि लुळा पडतो. विरुद्ध वाटेने निघालेले हे विषही श्वास थांबण्याशीच येऊन पोहोचते.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेने आजारी पडले, वीसहून अधिक दगावले. त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती, फवारा तोंडाच्या पातळीवर येत होता. वापरलेली सगळीच औषधे या गटातील नव्हती, अनेकदा दोन-तीन एकत्र मिसळलेली होती. पण सेंद्रिय फॉस्फरसची औषधे त्यांत होती. हे विष श्वासाइतकेच कातडीवाटेही आत जाते. घामाने भिजलेल्या पाठीवर गळका पंप घेऊन दिवसभर फिरणाऱ्याच्या अंगात ते न पिताही भिनते.

उपचारांकडे पाहिले की दोन्ही अपघातांचे नाते आणखी स्पष्ट होते. फवारणीच्या विषबाधेत ॲट्रोपिन देतात, त्याने लाळ, कफ आणि मंदावलेले हृदय आटोक्यात येते. काही रुग्णांना प्रॅलिडॉक्साइम देतात, ते बंद पडलेले वितंचक वेळेत दिल्यास मोकळे करू शकते. उलट नागदंशात डॉक्टर निओस्टिग्मिन देतात. हे औषध तेच वितंचक थोड्या वेळापुरते मुद्दाम अडवते, म्हणजे असलेले ॲसिटिलकोलीन अधिक काळ टिकते आणि अडलेल्या ग्राहींतून काही हुकूम पार होतात. एका माणसाचा जीव घेऊ पाहणारी क्रिया, मोजून वापरली तर दुसऱ्याला वाचवते.

वर्गात काय करता येईल

मुलांना कपडे वाळत घालायचा चिमटा अंगठा आणि तर्जनीत धरून एक मिनिटभर उघडझाप करायला सांगावे. जोडीदाराने दर पंधरा सेकंदांचे आकडे लिहावेत. आकडे उतरत जातात. मग दोन मिनिटे विश्रांती देऊन पुन्हा मोजावे. आलेख काढला की थकवा आणि भरपाई दोन्ही दिसतात. शेवटच्या पंधरा सेकंदांत चिमटा दाबणे जड गेले की बोटे मोकळी करणे, हे मुलांना विचारावे. उत्तरे वेगवेगळी येतील आणि चर्चेला तोंड फुटेल.

पावसाळ्याच्या तोंडावर, जून-जुलैतच, पुढील चार गोष्टी मुलांकरवी वहीत लिहून घरी पाठवाव्यात, असे आम्ही सुचवतो. झोपताना खाट किंवा नीट खोचलेली मच्छरदाणी वापरावी. साप चावला तर दंशाची जागा कापू किंवा चोखू नये, घट्ट बांधू नये, माणसाला चालवू नये, थेट ग्रामीण रुग्णालयात न्यावे. फवारणीच्या वेळी मुलांना शेतात पाणी घेऊन पाठवू नये, आणि औषधाचा रिकामा डबा घरात कशालाही वापरू नये. फवारणी करणाऱ्याला लाळ, घाम, अंधुक दिसणे किंवा स्नायू फडफडणे जाणवले, तर काम तेथेच थांबवावे, कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. चिठ्ठीवरचे नाव वाचले की डॉक्टरांना नेमके कोणते दार अडले आहे ते लवकर कळते.